उतरण्याचा आवाज

पोविलस नोरवाइशा आपल्या शिष्यांना पहिले तीन महिने चेंडू रिंगमध्ये टाकूच देत नसे. सप्टेंबरात शाळा उघडली की शिलूपे गावच्या क्रीडाशाळेत आठ-नऊ वर्षांच्या मुली नव्या बुटांच्या नाड्या घट्ट आवळून ओळीत उभ्या राहायच्या, आणि हा दोन मीटर उंचीचा, डावा पाय किंचित ओढत चालणारा माणूस लाकडी जमिनीवर खडूनं एक लांब रेघ ओढायचा.

"उडी मारायची आणि या रेघेवर उतरायचं. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून. आणि आवाज येता कामा नये."

"मग चेंडू कधी, सर?"

"मांजर झालात की."

मग तो मुलींकडे पाठ करून बाकावर बसायचा आणि डोळे मिटून नुसता ऐकायचा. धप्. धप्. टप्. "तिसरी कोण होती? टाच आधी टेकली तुझी." "शेवटून दुसरी, उजव्या पायावर सगळा भार टाकतेयस. लीएपा ना तू?" लीएपा नऊ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. ती हळूच त्याच्या समोर जाऊन बघून यायची की सरांचे डोळे खरंच मिटलेले आहेत की नाही.

क्रीडागृहाची देखभाल झिता नावाची बाई करायची. किल्ल्या, झाडू आणि घंटा तिच्या ताब्यात, तोंड तेवढं नव्हतं. "अरे लांबड्या," ती म्हणायची, "पोरींच्या आया मला विचारतात, ही बास्केटबॉलची शाळा आहे की चोर तयार करायची? पोरी घरात शिरल्या तरी कळत नाहीत म्हणे."

"तू फक्त माझी रेघ पुसू नकोस."

"पुसणार! तुझ्या रेघा पुसता पुसता माझी कंबर गेली. तुझा गुडघा आणि माझी कंबर एकत्र केली तरी एक धड माणूस होत नाही."

पोविलस हसायचा. गुडघ्यावरून त्याला चिडवायची मुभा गावात फक्त झितालाच होती.

त्या गुडघ्याची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, पण अर्धीच.

पोविलस वाढला तो गावाबाहेरच्या एका शेतावर. आंबवलेल्या कोबीच्या फुटक्या पिंपाचं लोखंडी कडं बापानं गोठ्याच्या भिंतीवर ठोकून दिलं होतं. त्या कड्याखाली चिखलात, बर्फात, गाईंच्या नजरेसमोर तो खेळायला शिकला. बाराव्या वर्षी त्याला क्रीडाशाळेच्या फेलिक्सस यानुलिस सरांनी उचललं. पुढं तो मोठ्या शहरातल्या संघात गेला, सैन्यात सक्तीची दोन वर्षं काढली तीही सैन्याच्या संघात चेंडू हातात घेऊनच, आणि देश स्वतंत्र झाला तेव्हा तो पोलंडमधल्या एका संघाकडून खेळत होता. पण फेलिक्सस सरांना पहिल्या श्रेणीतला संघ मिळाला आणि त्यांनी निरोप धाडला, तसा तो बोचकं बांधून परत आला. बापानं हाक मारावी आणि मुलानं यावं, तसा.

फेलिक्सस सर ओरडत नसत. शिवी तर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलीच नव्हती. त्यांची रीत वेगळीच होती. खेळाडू लंगडत असला, ताप अंगात असला, भुवई फुटून रक्त गालावर आलेलं असलं की ते त्याच्या जवळ येत, खांद्यावर हात ठेवत आणि अगदी मायेनं विचारत, "जमेल का?"

आणि कुणीही कधी नाही म्हणालं नव्हतं. म्हणणार कसं? शेजारी चौघे उभे असत. ज्याच्याकडे काल हाच प्रश्न आला आणि जो काल हो म्हणाला, तोही त्या चौघांत असे. बाहेर अख्खं गाव ढोल बडवत असे. त्या दोन शब्दांना उत्तर एकच होतं, आणि ते सगळ्यांना पाठ होतं.

चौऱ्याण्णव सालच्या उपांत्य सामन्याच्या आधी पोविलसचा डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. डॉक्टरनं सुई टोचली, दुखणं गेलं. सूज होती तशीच होती. फेलिक्सस सर आले, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "जमेल का?"

"जमेल, सर."

अकरा मिनिटं जमलं. मग तो एका रिबाउंडसाठी, रिंगवरून उडालेल्या चेंडूसाठी, वर गेला आणि खाली आला तेव्हा पाय त्याचा राहिला नव्हता. सत्ताविसाव्या वर्षी खेळ संपला. रात्रभर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पडून तो वाट पाहत राहिला, की सर येऊन काहीतरी म्हणतील. पहाटे ते आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते म्हणाले, "मी विचारलं होतं तुला, पोविलस."

एवढंच. आणि ते खरंही होतं.

त्यानंतर तो आठ वर्षं लाकडाच्या वखारीत फळ्या मोजत होता. मोजता मोजता पीत होता. एके दिवशी फेलिक्सस सर वखारीत आले, टोपी काढली, तिच्यावरचा भुसा झटकला आणि क्रीडाशाळेच्या किल्ल्या फळ्यांच्या थप्पीवर ठेवल्या. "मी आता थकलो. लहान मुलींचा वर्ग आहे. जमेल का?"

पोविलसच्या मनात होतं, किल्ल्या उचलाव्यात आणि यांच्या अंगावर फेकाव्यात. तोंडातून आलं, "जमेल."

गोष्टीचा हा दुसरा अर्धा भाग मात्र गावाला ठाऊक नव्हता. किल्ल्या खिशात टाकताना त्यानं स्वतःशी एक नेम केला होता. आपण कधीही कुणाला विचारायचं नाही. पाय ऐकायचा, चेहरा बघायचा आणि आपण ठरवायचं. बाहेर काढायचं तर सरळ काढायचं. पोरगी रडो, तिची आई भांडो, सामना जावो. उत्तर त्या मुलीच्या गळ्यात बांधायचं नाही.

सतरा वर्षं त्यानं हा नेम पाळला. शिलूपेच्या मुली फारसं काही जिंकल्या नाहीत. पण त्यांतली एकही लंगडत घरी गेली नाही.

*

रुस्ने फेलिक्सस सरांची नात. तिची आई नॉर्वेत मासे सोलायच्या कारखान्यात होती, बाप कुठं होता ते कुणी विचारत नसे. पोरगी आजोबांच्या घरात वाढली. आठव्या वर्षी आजोबांनीच तिला हाताला धरून क्रीडागृहात आणलं आणि पोविलसच्या पुढ्यात उभं केलं. "ही माझी. आता तुझी."

पोविलसच्या मनात त्या दिवशी आलं: माझा गुडघा ज्याच्याकडे राहिला, तोच आपलं काळीज माझ्या हाती देतोय. त्याला वाटलं, हा माणूस विसरला तरी आहे किंवा याला सगळं आठवतंय. यातलं काय जास्त वाईट, ते त्याला ठरवता आलं नाही.

पोरगी मात्र मांजर झाली. नव्हे, जन्मतःच होती. अठराव्या वर्षी ती एक मीटर नव्वदची झाली, आणि इतकी उंच मुलगी हवेतून खाली येताना पान पडल्यासारखी यायची. डोळे मिटून बसलेल्या पोविलसला कधीकधी ती उतरलीच नाही असं वाटायचं. "रुस्ने, उडी मार म्हटलं ना?" "मारली, सर. दोन मारल्या." बाकीच्या पोरी खिदळायच्या.

त्या वर्षी राजधानीतल्या एका मोठ्या संघानं तिला एप्रिलमध्ये चाचणीला बोलावलं. चाचणी म्हणजे नावापुरतीच, त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी पोविलसला फोनवर सांगितलं होतं, "तिला फक्त धडधाकट घेऊन या." शिलूपेतून तिथवर पोचलेली मुलगी आजवर एकही नव्हती. रुस्नेनं भिंतीवर दिनदर्शिका टांगली होती आणि रोज एक चौकोन काळा करत होती. म्हाताऱ्या फेलिक्ससनी तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणून घेतले होते, चार जोड, जणू ती उत्तर ध्रुवावर चालली होती.

आणि मार्चमध्ये, शिलूपेच्या मुली इतिहासात पहिल्यांदा अशा जागी येऊन ठेपल्या, की एक सामना जिंकला तर देशातल्या पहिल्या चार संघांत जागा.

*

समुद्राकाठच्या क्लाइपेडाहून पाहुणा संघ आला. शनिवारी दुपारी क्रीडागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डेअरी बंद पडल्यापासून गावात इतकी माणसं एकत्र आलेली कुणी पाहिली नव्हती. ती एकतर मयताला यायची किंवा एखाद्याला परदेशी पोचवायला बसथांब्यावर. आज मात्र लोक खिडक्यांत बसले होते. झिता घंटा पोटाशी धरून दारात उभी होती आणि तिकीट नसलेल्यांनाही आत घेत होती. तिसऱ्या रांगेच्या टोकाला, नेहमीच्या जागी, फेलिक्सस सर तपकिरी टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, पाठ अजून ताठ. त्यांच्यामागच्या रांगेत लाल गळपट्टा घातलेली एक अनोळखी बाई वहीत काहीतरी टिपत होती. राजधानीतल्या संघाची बाई. ती न सांगता आली होती.

सामना खेचाखेचीचा झाला. एकदा या बाजूला, एकदा त्या. शेवटची तीन मिनिटं उरली असताना रुस्ने पाहुण्यांच्या दोन मुलींच्या मधून चेंडू काढायला वर गेली, हवेत तिला एकीचा खांदा लागला, आणि ती खाली आली.

टप्-धप्.

ढोल वाजत होते, लोक बाकांवर पाय आपटत होते, पण पोविलसला ते ऐकू आलं. दोन पायांचे दोन आवाज. दहा वर्षांत या मुलीचे दोन आवाज त्यानं कधी ऐकले नव्हते.  रुस्ने पळत परत गेली. कुणाला काही दिसलं नाही. ती लंगडतही नव्हती, फक्त डावं पाऊल टेकवताना एक निमिष थांबत होती, जसं गार पाण्यात उतरण्याआधी आपण थांबतो तसं.

तिला बाहेर काढायला हवं होतं. त्याच क्षणी. त्याचा हात उठलाही.

पण फळ्यावर एकसष्ट-बासष्ट होतं. बाकावर मिल्दा बसली होती, पंधरा वर्षांची, एक मीटर एकोणसत्तर, जॅकेट काढून तयार, भीतीनं पांढरी पडलेली. पोविलसनं हात खाली घेतला. अजून एक चढाई बघू, तो स्वतःशी म्हणाला. मग आणखी एक.

चाळीस सेकंद उरले तेव्हा त्यानं टाइम-आउट घेतला. एकसष्ट-बासष्ट तसंच होतं. पाच घामेजलेले चेहरे त्याच्याभोवती गोळा झाले. रुस्नेनं डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेतला होता. त्यानं ते पाहिलं. मिल्दाकडे पाहिलं. मग त्याला तोच वास आला, घामाचा, मलमाचा, ओल्या लाकडाचा, चौऱ्याण्णव सालचा. एकदा, फक्त एकदा आपणही जिंकावं, असं त्याला वाटलं.

त्यानं रुस्नेच्या खांद्यावर हात ठेवला.

"जमेल का?"

 सरांनी हे कधीच विचारलं नव्हतं. सर सांगायचे, विचारत नसत. रुस्नेनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आश्चर्य होतं, आणि त्याच्यामागं अभिमान. आज आपल्याला विचारलं गेलं. आपण मोठे झालो.

"जमेल, सर."

"दे टाळी!" कुणीतरी ओरडलं. मुलींनी हात एकावर एक रचले. पोविलसची नजर नको असतानाही तिसऱ्या रांगेकडे गेली. फेलिक्सस सर उभे राहिले होते. टोपी त्यांनी दोन्ही हातांत चुरगाळली होती.

पुढचं चाळीस सेकंदांत झालं. पाहुण्यांचा नेम चुकला, चेंडू शिलूपेकडे आला, उजवीकडून फेकलेला चेंडू रिंगला लागून वर उडाला आणि रुस्ने सगळ्यांच्या डोक्यांवरून वर गेली. तिनं तो हवेतच बोटांनी ढकलला. चेंडू जाळीत पडला. त्रेसष्ट-बासष्ट. झितानं घंटा बडवली. क्रीडागृह फुटेल असा आवाज झाला.

त्या आवाजातही पोविलसला नको होता तोच आवाज ऐकू आला. लहानसा. ओली काटकी मोडल्यासारखा.

लोक मैदानात धावले. ते रुस्नेला उचलायला धावले होते, खांद्यावर घ्यायला. तिच्या किंचाळण्याचा अर्थ त्यांना कळायला बराच वेळ लागला. ती आनंदानं किंचाळतेय असंच सगळ्यांना वाटलं होतं.

*

रविवारी सकाळी जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट पूर्ण तुटलंय आणि गुडघ्यातली गादीही फाटलीय. शस्त्रक्रिया करू. वर्षभर खेळाचं नाव नको. नंतरचं नंतर. राजधानीतल्या बाईंचा फोन येऊन गेला होता. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, बरी झालीस की कळव. या वाक्याचा अर्थ या देशात लहान पोरालाही कळतो.

खोलीबाहेरच्या बाकावर फेलिक्सस सर बसले होते. पोविलस समोर जाऊन उभा राहिला. त्याला वाटत होतं, म्हातारा उठेल आणि एक थोबाडीत देईल. रात्रभर तो त्या चपराकीची वाट पाहत होता. ती मिळाली तर बरं वाटेल, असं त्याला वाटत होतं.

"बस," फेलिक्सस म्हणाले. "पाय दुखत असेल तुझा."

तो बसला.

"तू विचारलंस. मी पाहिलं."

"हो, सर."

"ती हो म्हणाली."

"म्हणाली."

"मग मनाला लावून घेऊ नकोस." म्हाताऱ्यानं त्याच्या मांडीवर हात ठेवला. आवाज तोच होता, मायेचा. "आपण विचारायचं. पुढं खेळाडूचं तो जाणे. विचारलं की आपलं काम संपतं, पोविलस. तुझी चूक नाही."

पोविलसनं त्यांच्याकडे पाहिलं. दाराच्या पलीकडे यांची एकुलती एक नात पडलेली, आणि हा माणूस माझी समजूत काढतोय? मग हळूहळू त्याला उमगलं. समजूत त्याची काढली जात नव्हती. पंचवीस वर्षं या एका वाक्यावर डोकं टेकून हा म्हातारा झोपत आला होता. पोविलस दोषी ठरला असता तर ती उशीच निघून गेली असती. नातीचा पाय गेला तरी चालेल, पण ती उशी राहायला हवी होती.

"सर," तो म्हणाला, "मला तिचा पाय ऐकू आला होता. विचारायच्या आधी दोन मिनिटं. मला माहीत होतं."

फेलिक्ससनी मांडीवरची टोपी हातात घेतली.

"माहीत नसतं तर विचारलं ते ठीक. माहीत असताना विचारणं म्हणजे विचारणं नाही ते. आपल्या हातातला विस्तव तिच्या हातात देणं आहे." त्याचा आवाज चढला, तसा त्यानं तो खाली आणला, आत मुलगी होती. "चूक माझी आहे. आणि त्या वेळी तुमची होती. तुम्हालाही दिसला होता माझा गुडघा."

 एक परिचारिका चाकांची खुर्ची ढकलत गेली. फेलिक्सस सर भिंतीकडे पाहत होते.

"सूज दिसली होती," ते अखेर म्हणाले. "मोज्याच्या वर... दिसली होती."

मग ते इकडंतिकडं पाहू लागले. "माझी टोपी कुठं गेली? आत्ता तर इथं होती."

टोपी त्यांच्याच हातात होती. पोविलसनं ती हळूच काढून घेतली, त्यांच्या डोक्यावर घातली आणि दार उघडून आत गेला. पंचवीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते मिळाले होते. आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. ते फार उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे होते. बसायला द्यावं तर घरात खुर्चीच उरली नव्हती.

रुस्ने छताकडे पाहत पडली होती. पाय फळीला बांधलेला. खिडकीत कुणीतरी संत्री आणि कालच्या सामन्याचा चेंडू ठेवून गेलं होतं.

"सर, तुम्ही कधी विचारत नाही," ती मान न वळवता म्हणाली. रात्रभर ती याच प्रश्नावर जागी असावी. "मग काल का विचारलंत?"

याचं सोपं उत्तर त्याच्याकडे होतं. दाराबाहेर बसलेल्या माणसानं ते नुकतंच त्याला देऊ केलं होतं.

"कारण मला जिंकायचं होतं," पोविलस म्हणाला. "तुझा पाय गेला हे मला आधीच कळलं होतं. तू दोन आवाजांत उतरलीस. मी तुला काढायला हवं होतं, नाही काढलं. मी विचारायला नको होतं, रुस्ने. तुझी काही चूक नाही. तू दुसरं काही म्हणूच शकली नसतीस, ते मला जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं."

तिनं आता मान वळवली. तिचे डोळे कोरडे होते.

"मला वाटलं, तुम्हाला माझ्यावर विश्वास वाटला म्हणून विचारलंत."

पोविलसनं तिच्या पायावरची सरकलेली चादर नीट केली.

"तेवढं तरी राहू द्यायचंत, सर." ती पुन्हा छताकडे वळली. "जा आता."

*

तो राजीनामा द्यायला निघाला होता. झितानं कागद वाचला, चार घड्या केल्या आणि खिडकीच्या फटीत कोंबला, जिथून वारा यायचा तिथं. "तू गेलास तर हे घर बंद होईल. दुसरा कोण येतोय इथं? सोमवारी छोट्या पोरी आहेत, साडेतीनला. तुला वाईट वाटायचंय ना, तर त्यांच्यासमोर उभा राहून वाटून घे. घरात बसून वाटून घेणं सोपं असतं."

सोमवारी तो साडेतीनच्या थोडा आधी पोचला. बर्फ वितळून पटांगणात चिखल झाला होता. लहान मुली आत न जाता बाहेरच काहीतरी खेळत होत्या. पोविलस कोपऱ्याशी थांबला.

दोन मुली गोलाच्या मध्ये होत्या. एकीनं आईचं मोठं जॅकेट घातलं होतं आणि ती मुद्दाम डावा पाय ओढत चालत होती. ती म्हणजे तो. समोर लीएपा एका पायावर उभी, चेहरा वेडावाकडा करून, गुडघा धरून.

जॅकेटवालीनं लीएपाच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाड आवाजात विचारलं, "जमेल का?"

"जमेल, सर!" लीएपा पडलेल्या दातांच्या फटीतून ओरडली आणि लंगडत, उड्या मारत गोलातून धावत सुटली. बाकीच्या मुलींनी टाळ्या पिटल्या. "रुस्ने! रुस्ने!"

"आता मी! आता माझा पाय मोडलाय!" दुसरी म्हणाली.

"नाही, माझा नंबर आहे. तू काल मोडला होतास."

गावानं शनिवारी तेच केलं होतं. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तेच बोललं गेलं होतं: काय पोरगी आहे! नाही म्हणाली नाही! जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात तेच छापून आलं होतं. सतरा वर्षं त्यानं खडूनं रेघा ओढल्या होत्या, तीन तीन महिने, एकेका मुलीच्या एकेका टाचेसाठी. आणि त्याच्या चाळीस सेकंदांतून मुलींनी जे उचललं, ते एका रविवारात पक्कं झालं होतं. मुलं सांगितलेलं शिकत नाहीत हे त्याला माहीत होतं, इतकी वर्षं हाच त्याचा धंदा होता. तरी घंटा होईपर्यंत तो त्या कोपऱ्यावरून हलला नाही.

झितानं घंटा दिली. मुली आत पळाल्या आणि सवयीनं रेघेची जागा पाहून ओळीत उभ्या राहिल्या. पोविलसनं खिशातून खडू काढला, आणि पुन्हा खिशात ठेवला.

"आज उडी नाही. बसा सगळ्या खाली."

त्या बसल्या. बुटांवरचा चिखल जमिनीला लागला. झितानं दारातून पाहिलं आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"शनिवारी सामन्यात एक मोठी चूक झाली," तो म्हणाला. "ती चूक मी केली. काय चूक केली, कुणाला सांगता येईल?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. सामना तर आपण जिंकला होता. एकीनं भीत भीत विचारलं, "मिल्दाला खेळवलं नाही, ती?"

"जवळ आलीस. मी रुस्नेला एक प्रश्न विचारला. तो प्रश्नच चूक होता. तो तुम्हाला कुणीही विचारला, मी विचारला, उद्या कुणी मोठ्या माणसानं विचारला..."

लीएपाचा हात वर गेला. ती वाट न पाहताच बोलली, तिला खरंच कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते विचारायचं हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

"पण सर, ती तर हो म्हणाली ना?"

 सगळ्या मुली त्याच्याकडे पाहत होत्या, चेहरे वर करून, उत्तर मिळेलच अशा खात्रीनं. पोविलसनं डावा गुडघा हातानं धरला आणि तो त्यांच्या ओळीत जमिनीवर बसायला वाकला. सावकाश, भिंतीला धरून. तरी शेवटी तोल गेलाच, आणि तो धप्‌कन खाली आला.

एरवी मुली हसल्या असत्या.

"हो म्हणाली," तो म्हणाला. "आता मी का विचारलं ते सांगतो. मधे कुणी उठायचं नाही."